गिअर पडत नाही, तेव्हा दोष कुणाचा?

गाडी वॉरंटीत आहे, गिअर नीट पडत नाहीत, आणि एजन्सीच्या काउंटरवरचा माणूस शांतपणे सांगतो, "हे तुमच्या चालवण्यामुळे झालंय." मॅन्युअल गाडी वापरणाऱ्या अनेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल. मी घर्षण आणि झीज या विषयात संशोधन करते, त्यामुळे असं वाक्य ऐकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: हे कशावरून ठरवलं? कोणतं माप घेतलं? माझं मत सरळ आहे. "चालवण्याची पद्धत" हे कारण पुढे करणाऱ्याने ते मोजमापासह लेखी द्यावं. ते देता येत नसेल, तर दुरुस्तीचा खर्च त्याने करावा.

हे मत का, ते सांगण्यासाठी आधी थोडं यंत्रशास्त्र, मग थोडा कायदा आणि शेवटी तुम्ही स्वतः काय करू शकता, अशा क्रमाने जाऊया.

मॅन्युअल गाडी आता चालवतो कोण?

दुबईत नवी कार घेणारा बहुधा ऑटोमॅटिकच घेतो. लायसन्ससुद्धा वेगळं मिळतं. ऑटोमॅटिकचं लायसन्स असलेल्याला इथे मॅन्युअल चालवता येत नाही. त्यामुळे 'मॅन्युअल गाडीचे प्रश्न घेऊन काय बसलात' असं कुणाला वाटेल. त्यांनी सकाळी मुहैस्नाहमध्ये एक चक्कर मारावी. मुहैस्नाहचे चार भाग आहेत आणि त्यातल्या दुसऱ्याला सगळे जण सोनापूर म्हणतात. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सजवळचं स्मशान आठवतं. इथलं सोनापूर म्हणजे हजारो कामगारांच्या निवासाची वसाहत. पहाटेपासून तिथून बसेस, व्हॅन, पिकअप निघतात. माणसं नेणारे, पाण्याचे कॅन पोचवणारे, एसी दुरुस्तीचं सामान वाहणारे, जेवणाचे डबे पोचवणारे. यातल्या कितीतरी गाड्यांना आजही तिसरं पेडल आहे.

म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स आता हौशी लोकांपेक्षा पोट भरणाऱ्यांकडे जास्त उरला आहे. ज्याची गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर चार दिवसांची कमाई जाते, त्यालाच "तुझ्या चालवण्यामुळे" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. आणि गाडी मालकाची, चालवणारा पगारी ड्रायव्हर असेल, तर ते वाक्य थेट त्या ड्रायव्हरच्या नोकरीवर येतं.

गिअर 'पडतो' म्हणजे काय होतं?

आपण दांडा हलवून गिअरचे दाते एकमेकांत घुसवतो, असा समज असतो. आजच्या गाड्यांत पुढे जाणाऱ्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्या शाफ्टवर मोकळ्या फिरत असतात. गिअर टाकणं म्हणजे त्यातल्या एका जोडीला शाफ्टशी कुलूप लावणं. अडचण एवढीच, की कुलूप लावताना गिअर आणि शाफ्ट दोन वेगळ्या गतींनी फिरत असतात.

उदाहरण घ्या. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ आहे असं धरू. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना तुम्ही दुसरा टाकता. गाडीचा वेग त्या क्षणात बदलत नाही, म्हणून क्लचनंतरच्या शाफ्टची गती ३००० वरून साधारण १६३० फेऱ्यांवर यायला हवी. तेही सेकंदाच्या एका छोट्या अंशात.

हे काम सिंक्रोनायझर करतो. तो म्हणजे एक शंकूच्या आकाराची कडी, बहुधा पितळी. कुलूप लागण्याआधी ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोन्ही गती समान करते. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं धावतो, तसंच. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी ही युक्ती काढली आणि १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत ती आली. त्याआधी सगळ्यांनाच 'डबल क्लच' करावा लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना ती विद्या अवगत असायची.

आता महत्त्वाची गोष्ट. सिंक्रोनायझरची कडी छोटी असते. क्लच पूर्ण सुटलेला असेल, तर तिला फक्त क्लचची प्लेट आणि एक शाफ्ट यांचीच गती बदलायची असते. ते तिला सहज जमतं. पण पेडल पूर्ण दाबूनही क्लच अर्धवट चिकटून राहत असेल, तर त्या शाफ्टला मागून अख्खं इंजिन ढकलत राहतं. बिचाऱ्या पितळी कडीला इंजिनाशी कुस्ती खेळावी लागते. मग 'कर्र' असा आवाज येतो, कडी झिजते आणि काही महिन्यांनी दुसरा किंवा तिसरा गिअर घासून पडू लागतो.

म्हणजे झिजलेला दिसतो सिंक्रोनायझर, पण मूळ आजार क्लचच्या पेडलपासून क्लचपर्यंतच्या नळीत असू शकतो. नुसती कडी बदलली तर सहा महिन्यांनी गाडी परत तिथेच येणार. आणि कडी झिजलेली पाहून "ड्रायव्हर गिअर आदळतो" म्हटलं, तर खरा दोषी हात झटकून मोकळा.

लक्षणं काय सांगतात?

गाडी उभी, इंजिन बंद, सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स अडतो. याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही, गिअरबॉक्सवर लगेच संशय नको. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. म्हणून क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात शाफ्ट थांबायला हवा. तरीही घासला, तर क्लच चिकटतोय याची शक्यता खूप जास्त.

पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की गिअर पडतो? मग हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबरी सील आतून गळतंय. आतून गळणारं सील बाहेर थेंबही दाखवत नाही, म्हणून गॅरेजात नुसतं वाकून पाहिल्याने ते सापडत नाही.

एकच गिअर घासतो आणि बाकीचे ठीक? मग त्या गिअरच्या सिंक्रोनायझरवर संशय घ्यावा. गिअर आपोआप उडून न्यूट्रलमध्ये येतो? तर कुलपाचे दाते, आतली स्प्रिंग किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावेत. गाडी थंड असताना जड आणि तापल्यावर हलका, तर तेलाचा दाटपणा पाहावा. उलट, थंड असताना ठीक आणि तापल्यावर अडकतो, तर पुन्हा हायड्रॉलिककडे वळावं.

तेलाचंही एक प्रकरण आहे. गिअरच्या तेलांच्या वर्गवारीत जीएल-४ आणि जीएल-५ अशा पायऱ्या आहेत. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून ते तेल भारी, असं वाटतं. पण जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या दात्यांसाठी उपयोगी असली तरी अनेक गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. शिवाय सिंक्रोनायझर चालतो घर्षणावर. तेल फार निसरडं झालं तर कडी पकडणार कशी? त्यामुळे 'गिअर घासतो' या तक्रारीवर पहिला प्रश्न असावा: आत कुठलं तेल आहे आणि ते कुणी भरलं? एजन्सीनेच भरलं असेल, तर उत्तरही एजन्सीनेच द्यायचं.

दुबईच्या उन्हाचा हिशोब

क्लच तापतो किती, याचा अंदाज शाळेतल्या भौतिकशास्त्राने येतो. सामानासह २५०० किलोची व्हॅन शून्यावरून ताशी १० किलोमीटर वेग घेते. तिला मिळालेली गतिज ऊर्जा साधारण १० किलोज्यूल. इंजिनाची गती या काळात साधारण स्थिर ठेवली, तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये घर्षणाने उष्णता होऊन जाते. हे अटळ आहे, कितीही कसलेला ड्रायव्हर असो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं मिळून १० किलो लोखंड धरलं, तर दर वेळी गाडी निघताना ते सुमारे दोन अंशांनी तापतं. शारजाच्या दिशेने संध्याकाळी रांगेत अडकलात आणि थोड्या वेळात पन्नास वेळा थांबून निघालात, तर थंड व्हायला वेळ न मिळाल्यास शंभर अंशांची भर.

आता 'हाफ क्लच'चा हिशोब करू. क्लचवर ४० न्यूटन-मीटरचं बल आणि दोन्ही बाजूंच्या गतीत ८०० फेऱ्यांचा फरक असेल, तर सुमारे ३.४ किलोवॉट उष्णता तयार होते. बाथरूममधला तीन किलोवॉटचा गीझर क्लचमध्ये बसवल्यासारखंच. दहा सेकंद असं रांगलात की आणखी सात-आठ अंश. म्हणजे हाफ क्लचमुळे नुकसान होतं, हे एजन्सीवाले खोटं सांगत नाहीत. तो मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

पण याच हिशोबातून दुसरी गोष्टही निघते. पुण्याच्या २५ अंशांत सुरू होणारी बेरीज इथल्या उन्हाळ्यात ४५ अंशांवरून सुरू होते आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी वरून. क्लचच्या नळीत जो द्रव असतो तो ब्रेकचाच, आणि तो हवेतली वाफ शोषतो. डॉट-४ प्रतीचा कोरा द्रव किमान २३० अंशांना उकळायला हवा असं मानक सांगतं; पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. आखाती किनाऱ्यावर दमट उन्हाळा काय असतो, ते वेगळं सांगायला नको. रबरी सीलसुद्धा उष्णतेत लवकर कडक होतात. हा देश उष्ण आहे ही बातमी कंपन्यांसाठी नवी नाही. 'जीसीसी स्पेक' म्हणून त्या इथे गाड्या विकतात, त्या इथल्या हवेला टिकतील या आश्वासनासकट. मग उन्हात वाहतुकीच्या रांगेत गाडी चालवणं हा 'गैरवापर' कसा होईल?

डब्यांची व्हॅन

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मूळ कणकवलीकडचे. मुहैस्नाहमध्ये त्यांचं छोटं स्वयंपाकघर आहे आणि एका व्हॅनमधून दोन्ही वेळचे डबे पोचवले जातात. व्हॅन नवी घेतलेली, वॉरंटीत होती. चाळीस हजार किलोमीटरच्या आतच दुसरा गिअर कर्रकर्र करू लागला. दुपारच्या फेरीत सिग्नलला पहिला पडायचाच नाही, मागून हॉर्नचा गोंगाट.

पहिल्या खेपेला गाडी सकाळी आठला एजन्सीत गेली. थंड होती, सगळे गिअर पडले. जॉब कार्डवर शेरा: दोष आढळला नाही. दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्स न उघडताच निकाल लागला: क्लच हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, आणि सिंक्रोनायझर चालवण्याच्या पद्धतीमुळे गेला. वर अंदाजपत्रक हातात. घरी येऊन काका व्हॅन चालवणाऱ्या पोरावर चिडले. जळगावकडचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याच्या पगारातून खर्च कापायचा की त्याला परतच पाठवायचं, इथपर्यंत गोष्ट आली.

"ताई, तुम्ही डॉक्टर ना? मग हिला काय झालंय ते सांगा," असं काका मला म्हणाले. माझं डॉक्टरपण कागदावरचं आहे हे त्यांना माहीत होतं, पण प्रश्न खरा होता. मी त्यांना एकच सुचवलं: पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा. गिअर अडला की वेळ, किती वेळ गाडी चालली होती, बाहेरचं तापमान, पेडल पुन्हा पुन्हा मारून फरक पडला का, इंजिन बंद केल्यावर पडला का. वही त्या पोरानेच लिहिली, नेटक्या अक्षरात. पंधरा दिवसांत सतरा नोंदी झाल्या. सतराही गाडी तासभर चालल्यानंतरच्या. सकाळच्या पहिल्या फेरीत एकदाही नाही. पेडल मारून बहुतेक वेळा गिअर पडला आणि इंजिन बंद करून प्रत्येक वेळी पडला.

ड्रायव्हर वाईट असता तर तो सकाळी आणि दुपारी सारखाच वाईट असता. हा एक साधा प्रयोग होता आणि त्याने 'चालवण्याची पद्धत' या कारणाला फार कमी जागा ठेवली. तिसऱ्या खेपेला काकांनी वहीची प्रत जोडली, गाडी दुपारी तापलेली असताना नेली आणि फोरमनला शेजारी बसवून फेरी मारली. क्लचच्या मास्टर सिलिंडरचं सील आतून गळत होतं. तो वॉरंटीत बदलला गेला. सिंक्रोनायझरसाठी बरीच ओढाताण झाली आणि शेवटी निम्मा खर्च काकांनी सोसला. मला ते अन्यायाचंच वाटतं, कारण कडी झिजली ती सिलिंडरमुळे. पण पोराची नोकरी राहिली.

पुरावा कशाला म्हणायचं?

गैरवापराचा पुरावा म्हणून गॅरेजात बहुधा एक गोष्ट दाखवतात: फ्लायव्हीलवरचे निळे डाग आणि बारीक तडे. हे डाग खरे असतात आणि लोखंड खूप तापलं होतं हे ते सांगतात. पण ते का तापलं, हे सांगत नाहीत. हाफ क्लचने घसरण झाली तरी डाग पडतात. दाब देणारी स्प्रिंग कमजोर निघाली तरी घसरण होते आणि डाग पडतात. सील गळून प्लेटवर तेल आलं तरी तेच. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच बसतो, त्याने दोघांतला निवाडा होत नाही. आमच्या प्रयोगशाळेत कुणी असा निष्कर्ष मांडला तर पहिल्याच बैठकीत प्रश्नांची सरबत्ती होईल.

फरक करणारी मापं वेगळी आहेत. स्प्रिंगचा दाब किती उरलाय, पेडल पूर्ण दाबल्यावर सिलिंडरचा दांडा किती मिलिमीटर सरकतो, प्लेटची जाडी दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, तेलाचा अंश आहे का. ही मापं घ्यायला सुसज्ज वर्कशॉपला फार वेळ लागत नाही. ती न घेताच ड्रायव्हरकडे बोट दाखवणं सोपं असतं, एवढंच.

आणि हे बोट दाखवणं किती चुकू शकतं, त्याचं एक नामांकित उदाहरण न्यायालयाच्या दप्तरात आहे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांत 'पॉवरशिफ्ट' नावाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स होता. गाडी थरथरते अशा तक्रारी आल्या, तेव्हा ग्राहकांना सांगितलं गेलं की दोष तुमच्या चालवण्याचा आहे. गंमत म्हणजे या गाड्यांत क्लचचं पेडलच नव्हतं! तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरं उदाहरण फोक्सवॅगनचं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट हवा आणि सतत थांबत-निघत चालणारी वाहतूक एकत्र आली की त्या तेलामुळे क्वचित विजेचा बिघाड होऊ शकतो, असं कारण दिलं. तेलाची निवड कारखान्याची, हवा निसर्गाची, रांग शहराची. यात ड्रायव्हरने काय करायचं होतं?

सिद्ध करण्याचा भार

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये सदोष गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की विकणाऱ्याला वस्तूबद्दल जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं आणि या दरीमुळे बाजार बिघडतो. वॉरंटी ही त्या दरीवरची एक साकव. पण वॉरंटीत दोष कुणाचा हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याकडेच राहिला, तर साकवाची फळी काढून घेतल्यासारखं होतं.

युरोपीय संघाने यावर चांगला उपाय केला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, वस्तू हातात आल्यापासून वर्षभरात दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आधी ही मुदत सहा महिने होती. ज्याच्याकडे मोजमापाची साधनं, त्याच्यावर सिद्ध करण्याचा भार. मला हे तत्त्व विज्ञानाला धरून वाटतं.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. शिवाय स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाराही तिथे 'ग्राहक' ठरतो. म्हणजे काकांसारखा माणूस त्यातून सुटत नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटलं, की बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. नंतर हे प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेलं, पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून अशी सक्ती चालत नाही. आपल्या महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ सत्तरच्या दशकातच उभी राहिली, भारतातला पहिला ग्राहक कायदा १९८६ मध्ये येण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे पावती आणि लेखी उत्तर मागण्याची सवय आपल्याला नवी नाही.

इथे अमिरातीत २००६ च्या कायद्याची जागा २०२० च्या संघराज्य कायदा क्रमांक १५ ने घेतली. सदोष वस्तू दुरुस्त करणं, बदलून देणं किंवा पैसे परत करणं ही जबाबदारी पुरवठादारावर आहे. दुबईत अर्थ आणि पर्यटन खात्याच्या अखत्यारीत ग्राहक संरक्षणाची स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते. परदेशात 'कशाला कटकट' म्हणून गप्प बसणाऱ्या आपल्या मंडळींना हे माहीत असायला हवं.

दुसरी बाजू

एजन्सीवाल्यांचं म्हणणं मी डावलत नाही. पेडलवर पाय ठेवून चालवणारे असतात, क्षमतेपेक्षा जास्त सामान भरणारे असतात. अशा प्रत्येकाला फुकट क्लच दिला, तर त्याचा खर्च शेवटी नव्या गाडीच्या किमतीत तुमच्या-माझ्यावरच येईल. क्लचची प्लेट ब्रेकच्या पॅडसारखी झिजणारी वस्तू आहे, हेही खरं. पण झिजण्यालाही एक वेळ असते. जी वस्तू लाखभर किलोमीटर टिकेल अशी अपेक्षा धरतात, ती चाळीस हजारांत गेली तर 'झिजणारा भाग' हे उत्तर पुरत नाही. एवढ्या लवकर का झिजली, याचं उत्तर हवं. मापं घेऊन गैरवापर दाखवला, तर ग्राहकाने निमूट पैसे द्यावेत. माझा आग्रह मापांचा आहे.

तुम्ही काय कराल?

नोंद ठेवा, काकांच्या पोरासारखी. मोबाइलवर आवाज आणि तारीख टिपा.

तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'गिअर प्रॉब्लेम' एवढंच नको. 'तासभर चालल्यावर पहिला गिअर पडत नाही, इंजिन बंद केल्यावर पडतो' असं लिहा. दर खेपेची प्रत घ्या, दोष सापडला नाही तरी. वॉरंटीच्या मुदतीत तक्रार कधी नोंदली, याला पुढे फार महत्त्व येतं.

क्लच घसरतोय अशी शंका असेल, तर ओबीडी पोर्टमध्ये बसणारं एक स्वस्त ब्लूटूथ यंत्र घ्या. इंजिनाच्या फेऱ्या आणि गाडीचा वेग मोबाइलवर नोंदवता येतात. एकाच गिअरमध्ये या दोहोंचं गुणोत्तर कायम राहायला हवं. समजा, वरच्या गिअरमध्ये ताशी १०० ला २८०० फेऱ्या दिसतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वेग १०० च, पण फेऱ्या ३२०० झाल्या, तर क्लच बारा टक्क्यांहून जास्त घसरतोय. हा आलेख कुणाच्या मताचा विषय राहत नाही.

दोष दिसतो त्याच स्थितीत गाडी न्या. तापल्यावर अडत असेल तर दुपारी न्या आणि फोरमनला बरोबर घेऊन चालवा. वॉरंटी नाकारली तर कारण आणि घेतलेली मापं लेखी मागा. काढलेले भाग ताब्यात मागा, निदान त्यांचे फोटो काढा. आवाज चढवायची गरज नसते. "हे लिहून द्या" एवढं शांतपणे म्हटलं तरी पुष्कळ वेळा उत्तर बदलतं.

आणि गाडी तुमची, ड्रायव्हर दुसरा असेल, तर एजन्सीचं वाक्य जसंच्या तसं त्याच्या डोक्यावर आदळण्याआधी त्याला विचारा. पेडलखाली काय घडतंय, हे रोज दहा तास त्यावर पाय ठेवणाऱ्याला कळतं. त्याला फक्त कुणी वही दिलेली नसते.